साडेनऊचे पष्टेभाऊ

पष्टेभाऊ उघड्या दारावरही टकटक करायचे. आमच्या संस्थेच्या मुरबाडच्या कार्यालयात दारं बंद ठेवायची पद्धतच नाही. पंखे धड फिरत नाहीत, दार लावलं की माणूस उकडून निघतो. तरी हा माणूस माझ्या टेबलापासून चार हातांवर, उंबऱ्याबाहेर उभा राहून चौकटीवर दोनदा बोट वाजवणार आणि विचारणार, "येऊ काय गो मनीषा?" सुरुवातीला मी म्हणायचे, "अहो भाऊ, या की! मी काय महाराणी लागून गेले?" पुढं पुढं कंटाळून नुसती मान हलवायला लागले. एकदा मुद्दामच "नका येऊ" म्हटलं, तर खरंच परत गेले आणि दहा मिनिटांनी पुन्हा येऊन टकटक केली. राग नाही, लोभ नाही. नाही म्हटलं म्हणजे नाही, एवढंच त्यांना कळायचं.

दुसरी खोड तोंडाची. कुणी काही मागायला आलं की आपण विचारतो, काय पाहिजे? भाऊ विचारायचे, "कशाला पायजे?" शिपाई टाचणी मागायला आला तरी कशाला पायजे, आणि अध्यक्षसाहेबांनी मुलांची यादी मागवली तरी कशाला पायजे. पाठीमागं सगळे त्यांना 'कशालापायजे' म्हणायचे. एकदा माझ्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निघून गेलं आणि मी जीभ चावली. भाऊ म्हणाले, "बरोबर नाव हाये. बापानं ठेवलं त्यापरीस बरं."

आमची संस्था म्हणजे चौदा शाळा. काही मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अंगाला. काही शहापुरात, डोळखांबच्या डोंगरातल्या पाड्यांपर्यंत. एक तर पार उंबरमाळीच्या बाजूला. या शाळांतल्या प्रत्येक मुलाचं एक पान आहे. नाव, जन्मतारीख, जात, आईबाप, पत्ता, कुठून आलं, कुठं गेलं. पूर्वी ही पानं जाडजूड जनरल रजिस्टरांत असायची. ती कॉम्प्युटरवर चढवली भाऊंनी. मूळचे ते प्रयोगशाळेचे परिचर. आयटीआय शिकलेले, बाकी सगळं कॉम्प्युटर कंपनीच्या माणसांना चहा पाजून पाजून विचारून घेतलेलं. प्रत्येक शाळेची पानं त्या त्या शाळेच्या मशीनवर, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं मोठं मशीन मुरबाडला, भाऊंच्या खोलीत. त्या मशीनवर ते बायकोच्या, सुगंधावहिनींच्या, जुन्या साडीचा तुकडा झाकायचे. मी प्रवेश आणि दाखले बघते, त्यामुळं माझं निम्मं आयुष्य या माणसाच्या 'कशाला पायजे'ला उत्तर देण्यात गेलं.

पानं रचलेली होती एकात एक. संस्थेत तालुका, तालुक्यात शाळा, शाळेत वर्ष, वर्षात वर्ग, वर्गात मूल. एका पोराच्या पानाशी पोचायचं तर पाच दारं ओलांडायची, आणि प्रत्येक दारात मशीन मुरबाडला विचारून घ्यायचं, या माणसाला आत सोडू का? मुरबाडात बसणाऱ्याला त्याचं काही नाही. पण डोळखांबच्या वरच्या शाळेत, जिथं मोबाइलला रेंज मिळवायला लोक पाण्याच्या टाकीवर चढतात, तिथं एका दाखल्याला अर्धा दिवस जायचा. आम्ही म्हणायचो, डोंगरात असंच असायचं.

एकदा भाऊ तिथं प्रिंटर बसवायला गेले. दिवाळी झालेली, भात झोडून झालेलं, वीटभट्टीवर जाणाऱ्यांचा टेम्पो शाळेसमोर उभा. एक बाई मुलीचा दाखला घ्यायला आली होती, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला बसवता येईल. तिथले मुख्याध्यापक भेरे सर मशीनपुढं घाम पुसत बसलेले. पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं, तिसऱ्याला जे गोल फिरायला लागलं ते फिरतच बसलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. शेवटी ती बाई म्हणाली, "ऱ्हाऊंदे मास्तर, होळीला येऊ तवा नेईन," आणि मुलीचा हात धरून निघून गेली. होळीपर्यंत ती पोर शाळेचं तोंड बघणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

भाऊ परत आले ते तोंड पाडून. दोन दिवस डब्यातली नाचणीची भाकरी तशीच घरी परत. तिसऱ्या दिवशी माझ्या चौकटीवर टकटक.

"मनीषा, लग्नाला जातेस तर मांडवात किती वेळा विचारतात गो, कोणाकडची म्हणून?"

"एकदा. दारात."

"आन वाढपी? पानापानाशी येऊन विचारतो काय, कोणाकडची? विचारत बसला तर भात गार व्हईल."

झालं, यातून त्यांनी पास काढला. रोज सकाळी साडेनऊला मुरबाडच्या मशीनवरून प्रत्येक शाळेला एक पास जाणार. कुणाला कुठल्या दारापर्यंत जायची मुभा, ते सगळं त्यावर. पास पोचला की दिवसभर शाळेचं मशीन तो पास बघून स्वतःच दार उघडणार, मुरबाडला विचारायला येणार नाही. संध्याकाळी साडेपाचला पास मेला. म्हणजे डोंगरातल्या शाळेला सकाळी मिनिटभर रेंज मिळाली तरी दिवस पार पडला. डोळखांबला चहा उकळेपर्यंत दाखला हातात पडायला लागला.

मी म्हटलं, "भाऊ, मग महिन्याचाच पास काढा की. रोजची कटकट कशाला?"

"आन दुपारी कोणाला कामावरनं काढला तर? त्याच्या हातात महिनाभर पास ऱ्हाईल. एका दिवसाचा धोका घेतलाय मी. एकाच दिवसाचा."

म्हणून ते रोज सव्वानऊला यायचे, कोण बदलून गेलं, कोण रजेवर, कोणाला काढलं, ती यादी बोट ठेवून वाचायचे, आणि मग आपली चावी मारून पास सोडायचे. चावी म्हणजे एक लांबलचक परवलीचं वाक्य, फक्त त्यांच्या डोक्यातलं, आणि ते त्याच मशीनवर चालायचं. मारताना ते मला पाठ फिरवायला लावायचे. पंधरा वर्षांची ओळख, तरी पाठ फिरव! मला इतका राग यायचा म्हणून सांगू.

त्या दारांचं मोल मला एकदाच कळलं, पण असं कळलं की पुन्हा तक्रार केली नाही. एक माणूस अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी घेऊन आला. बायको मुलीला घेऊन घरातून निघून गेली होती, आणि मुलगी आमच्याच एका वसतिगृहाच्या शाळेत होती. कुठल्या, ते याला हवं होतं. टोकावड्याच्या जुन्या शाळेत त्यानं आधी चौकशी केली होती. तिथल्या पासावर मुलगी गेली एवढं दिसायचं, कुठं गेली ते दार उघडायचं नाही. त्या मुलीचा प्रवेश मीच केला होता. तेव्हा तिच्या आईच्या कपाळावर टाके होते.

तो भाऊंच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "नाव सापडत नाही असं कसं?"

मला वाटलं, भाऊ म्हणतील, सापडत नाही. मी तर तेच म्हटलं असतं. भाऊ म्हणाले, "सापडतंय. दाखवणार नाय."

"मी बाप आहे तिचा."

"तुमी बाप हाव. पान पोरीचं हाये."

त्यानं तिथूनच अध्यक्षसाहेबांना फोन लावून भाऊंच्या कानाला चिकटवला. भाऊ उठून उभे राहून बोलले, "साहेब, देतो की. फक्त लेखी द्या. कशाला पायजे ते बी लिवा." पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. लेखी काही आलं नाही. तो माणूस शिव्या घालत गेला. मी पाणी आणून दिलं, ते भाऊंनी न पिताच टेबलावर ठेवलं. म्हणाले, "माझी नोकरी जाते का ऱ्हाते बग आता." त्यांना भीती वाटत नव्हती असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

नोकरी राहिली. पण भाऊंच्या मनानं घेतलं की उद्या साहेब म्हणतील, सगळ्यात वरची चावी माझ्याकडं द्या. तेव्हा ती एका हातात असूच नये. यावर त्यांना उपाय सुचला तो त्यांच्या गावचा. टोकावड्याच्या पलीकडं त्यांचं गाव. तिथं गावदेवीचे चांदीचे मुखवटे एका पेटीत असतात. पेटी एका घरी, चावी दुसऱ्याच घरी. जत्रेला दोन्ही घरं देवळात आली तरच देवी नटणार. दोन्ही घरांत एकदा मोठं भांडण झालं होतं, बोलचाल बंद होती, तरी जत्रेच्या दिवशी दोघं मुकाट्यानं शेजारी उभे राहिले होते म्हणे. "घरातल्या माणसाचा इस्वास धरावा," भाऊ सांगायचे, "पण पेटी आन चावी येका घरात ठेवू नये."

तसंच त्यांनी मशीनला शिकवलं. एक चावी त्यांची, दुसरी शहापूरच्या शाळेच्या घुडेबाईंची. रोजचे पास दोघांपैकी कुणीही सोडावेत; त्यासाठी बाईंच्या ऑफिसातही सोय केली. पण नवा चावीवाला करायचा किंवा नियम बदलायचा, तर दोन्ही चाव्या एकत्र लागणार. घुडेबाई म्हणजे कडक बाई. पोरं सोडा, पालकही त्यांच्यासमोर चप्पल बाहेर काढून उभे राहायचे. अध्यक्षसाहेबांना त्या दोघांपैकी कुणालाच वाकवता आलं नसतं. कंपनीच्या माणसानं तेव्हाच विचारलं होतं, "काका, दोघांपैकी कोणी गेलं तर?" भाऊ हसले. "कुठं जातंय कोण? बाईंची बारा वर्सं नोकरी बाकी हाये." तो म्हणाला, चावी कुठंतरी लिहून ठेवा, लखोट्यात बंद करा. भाऊंनी तेही ऐकलं नाही. लिहिलेली चावी कुणाच्याही हाती लागते, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षं छान चाललं. भाऊंच्या पुतणीचं लग्न झालं, ते चार दिवस रजेवर गेले, बाईंनी पास सोडले. बाई त्यांच्या भावाकडं गेल्या, तेव्हा भाऊंनी. मग एका मे महिन्यात, सुट्टीत, घुडेबाई घरात भाजी निवडता निवडता गेल्या. हार्ट.

भाऊ दहाव्याला गेले होते. नदीवरून परत आले, खोलीत जाऊन बसले आणि दुपारपर्यंत बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, दुःख आहे माणसाला, बसू दे. दुःख होतंच. पण तिथं घाटावर त्यांच्या डोक्यात वेगळंच लखलखलं होतं. त्यांच्या गावात चावीवाला मेला की दहाव्याच्या दिवशी गाव बसतं आणि घरातल्या पुढच्या माणसाच्या हाती चावी देतं. ते इतकं रोजचं, इतकं ठरलेलं, की त्याला नियम म्हणायचं हेही कुणाला सुचत नाही. भाऊंनी पेटी शिकवली, चावी शिकवली, दहावा शिकवायचा राहून गेला. आता नवा चावीवाला करायला दोन चाव्या हव्यात आणि दुसरी चावी सरणावर गेलेली.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मलाही नाही. मी फक्त बघत होते की माणूस रजा घेत नाही. ताप आला तरी कानटोपी घालून सव्वानऊला हजर. गावची जत्रा चुकवली. शनिवारीही शाळा, म्हणजे शनिवारीही पास. मी चिडवायचे, "भाऊ, संस्था तुमच्या नावावर करून देणारेत वाटतं!" ते हसायचेही नाहीत.

त्यात सुगंधावहिनींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. कल्याणला नंबर लागेना. नाशिकला लेकीच्या घराजवळ लागला, म्हणून वहिनी रूपालीकडं राहायला गेल्या. रूपाली नोकरीवर जायची. आईला तिथं सोडायची आणि संपल्यावर न्यायची. मधले चार तास वहिनी एकट्या. भाऊ शनिवारी संध्याकाळी एसटीनं नाशिकला आणि रविवारी परत. म्हणजे ज्या दिवशी त्यांची गरज, त्यातल्या एकाही दिवशी ते तिथं नाहीत. वहिनींचा फोन आला की भाऊ व्हरांड्यात जाऊन बोलायचे. माझी खिडकी तिकडंच, त्यामुळं ऐकू यायचं. "नाय गो, घाबरायचं नाय. रक्त परत येतंय ना अंगात? मग." थोडं थांबून, "येतो गो. बगतो." असे किती महिने 'बगतो' म्हणत होते, त्यांनाच माहीत.

त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. अध्यक्षसाहेबांचं उत्तर साधं होतं, चार्ज कुणाला तरी द्या आणि खुशाल जा. सगळं ऑफिस म्हणालं, साहेबांनी चांगुलपणा दाखवला. पण भाऊ चार्ज देईनात. मला वाटलं, या माणसाला खुर्ची सुटत नाही. मनात फार वाईट वाईट बोलले मी त्यांच्याबद्दल. बायको तिकडं सुयांनी भोसकून घेतेय आणि हे इथं चावीला कवटाळून बसलेत, असं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं मी.

मग एका बुधवारी डायलिसिस चालू असतानाच वहिनींचं बीपी एकदम उतरलं. शुद्ध गेली. रूपालीचा फोन आला तेव्हा दहा वाजले होते, पास सुटलेले होते. भाऊ तसेच निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तर सव्वानऊला ते खोलीत. तेच कपडे, दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशात हॉस्पिटलची चिठ्ठी. पहाटेची गाडी धरून आले होते. यादी वाचली, चावी मारली, पास सुटले. आणि मग कीबोर्डवर कपाळ टेकवून हा माणूस रडायला लागला. मी पंधरा वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं.

"भाऊ, वहिनी...?"

"बरी हाये. आयसीयूतनं निघताना तिनं माझा हात धरला. म्हणते, आज तरी बसा. मी म्हणलो, साडेनऊला जायाचंय गो."

माझा तोल गेला. म्हटलं, "कुठल्या जन्माची खुर्ची आहे ही? द्या ना ती चावी कुणाच्या तरी गळ्यात बांधून! मला द्या, शिपायाला द्या!"

"द्यायची हाये गो," भाऊ म्हणाले, "देता येत नाय. नुसतं वाक्य कोणाला सांगितलं, तर साहेब ते त्याच्याकडनं काढून घेतील, आन अडवायला दुसरी चावी ऱ्हायली नाय." आणि तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, जसं वर सांगितलं तसं. इतके दिवस काय काय बोलले होते मी!

"कंपनीला विचारलं?"

"विचारलं. तो म्हणतो, तोडता येऊ नये म्हणून तर तुमी सांगितलं व्हतं."

उपाय होता एकच. सगळं मोडायचं आणि पुन्हा रचायचं. चौदा शाळांतून कागदी रजिस्टरं आणायची, पानापानाशी मशीनमधली पानं ताडून बघायची, दारं नव्यानं बांधायची. पण त्यासाठी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायला हवं होतं की माझी चूक झाली. आणि दुसरी भीती अशी की मोडल्यावर वरची चावी साहेब स्वतःच्या खिशात घालतील, मग तो माणूस पुन्हा चिठ्ठी घेऊन येईल. भाऊ म्हणाले, "येकीकडं सुगंधा, येकीकडं ती पोर. मी मधी अडकलोय, मनीषा. मला माझ्याच दारानं कोंडलाय."

मी म्हटलं, "ती पोर तुमच्या एकट्याची आहे काय? आम्ही सगळे मेलो नाही अजून."

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांची मासिक बैठक होती. विषय संपले, चहा आला, आणि भाऊ उठले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. भाऊंनी कागद वगैरे काही काढला नाही. "माझ्याकडनं चूक झाली हाये," म्हणाले. "मी दोन चाव्या केल्या. मरणाचा इचार नाय केला. घुडेबाई गेल्या तवापासनं मी येकटा हाये आन मी मेलो तर दुसऱ्या दिवशी चौदा शाळा बंद पडतील. मला सोडवा."

साहेब म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तुम्ही संस्थेला अंधारात ठेवलंत?"

"हो साहेब."

साहेब खूप बोलले. निष्काळजीपणा, चौकशी, निलंबन. भाऊ मान खाली घालून उभे. तेवढ्यात भेरे सर उठले, डोळखांबचे. सर तसे मितभाषी. ते म्हणाले, "साहेब, चौकशी करा, पण त्यानं दार उघडणार नाही. आमच्याकडं असं झालं तर गाव बसतं. आपण बसू. मी माझी रजिस्टरं घेऊन येतो." मग एकेक करत सगळेच म्हणाले, आम्हीही आणतो. साहेबांचा नाइलाज झाला, कारण भाऊंना निलंबित केलं असतं तर पास सुटले नसते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शाळांची दारं उघडली नसती.

दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून चौदा मुख्याध्यापक बसले. रिक्षातून, जीपमधून, एक जण तर एसटीच्या टपावरून रजिस्टरांचे गठ्ठे घेऊन आला. एकानं कागदावरचं वाचायचं, दुसऱ्यानं मशीनवर बघायचं. सुट्टीभर नाकी नऊ आले. भाऊ सगळ्यांच्या मागं फिरत होते, आणि कुणी जरा घाईत पान उलटलं की "परत वाचा." घरी बायको आजारी, सुटकेची घाई त्यांना सगळ्यात जास्त, आणि पुन्हा वाचा म्हणणारे तेच! मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

नव्या रचनेत तीन चाव्या झाल्या; रोजचे पास कुणाही एकानं सोडावेत, नियम बदलायला तिघांपैकी कुणीही दोघं मिळून पुरेत. आणि तिघांतलं एक गेलं तर उरलेल्या दोघांनी पंधरा दिवसांत तिसरा नेमायचा. साहेबांनी एक चावी मागितलीच. भेरे सर म्हणाले, "कशाला पायजे?" आणि सगळा हॉल हसला. साहेबही ओशाळं हसले आणि पुन्हा मागितली नाही. एक चावी भेरे सरांना, एक शहापूरच्या नव्या बाईंना आणि एक, काय सांगू, माझ्या गळ्यात. शेवटच्या दिवशी मी आणि भेरे सरांनी चावी मारली आणि यादीतून पष्टेभाऊंचं नाव काढलं. भाऊ तेव्हा स्वतःहून आमच्याकडं पाठ करून उभे होते. दुपारच्या गाडीनं ते नाशिकला गेले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्यानंतर सहा-सात महिन्यांनी. संस्थेनं आणखी दोन शाळा घेतल्या, त्यांची पानं जोडायची होती, आम्हा तिघांना ते काही केल्या जमेना. साहेबांनी मला बोलावून घेतलं. पष्ट्यांना दोन महिन्यांसाठी परत आणा, मानधन देऊ, गाडी पाठवू, ही घ्या नेमणुकीची चिठ्ठी. फोनवर नाही म्हणेल, तुम्ही समोर जाऊन द्या. तुमचं ऐकेल तो.

बुधवार होता. रूपालीनं सांगितलं, बाबा हॉस्पिटलात आहेत. तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसची खोली, काचेचं दार, बाहेर लोखंडी बाकांची रांग. बाकं सगळी भिंतीला लागून, पण एक प्लास्टिकचं स्टूल मात्र काचेपुढं तिरपं मांडलेलं, आणि त्यावर भाऊ. केस बरेच पिकले होते. मला बघून उठायला गेले आणि पुन्हा बसले.

"बस गो त्या बाकावर. मला हलता नाय येत."

"आत नाही सोडत?"

"नाय. पेशंटशिवाय कोणाला नाय. बरोबर हाये त्यांचं." मग काचेकडं बोट केलं. "तो चौथा पलंग. तिला पडल्या पडल्या मान वळवता येत नाय, हात बांधलेला असतो ना. पण हितं, या कोनात बसलो तर तिला माझं डोकं दिसतं. बाकावर बसलो का नाय दिसत. म्हणून सिस्टरला सांगून स्टूल मागून घेतलंय. ती म्हणते, तुमी दिसताव तवर मला भ्या वाटत नाय."

मी वाकून त्यांच्या डोक्याच्या उंचीवरून आत बघितलं. वहिनी खूप वाळल्या होत्या. डोळे थेट या काचेवर होते.

"चारी तास असे बसता? चहाला, कशाला?"

"चहा सुगंधाबरोबर घेतो, झाल्यावर." ते बोलत माझ्याशी होते, पण मान काचेकडंच. "लय दिवस तिनं हितं बगितलं आन कोणीच नव्हतं गो." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "तू कशाला आलेलीस?"

पर्समध्ये चिठ्ठी होती. मी म्हटलं, "वहिनींना बघायला." दोन तास त्या बाकावर बसले. वहिनींना बाहेर आणल्यावर तिघांनी चहा घेतला, आणि मी चारच्या गाडीनं निघाले.

दुसऱ्या दिवशी मी आधी साडेनऊचे पास सोडले आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन चिठ्ठी टेबलावर ठेवली, पाकीट न फोडलेलं. साहेब म्हणाले, "काय झालं? भेटला नाही?"

"भेटले."

"मग? दोन महिने नाही, तर पंधरा दिवस तरी?"

"नाही जमणार साहेब," मी म्हटलं. "तिथं त्यांच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं चालत नाही."